पार्श्वभूमी : अमेरिकेतले ‘एलीट’ म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेत ‘एलीट’ शब्द हिणवायला वापरतात, पण तो श्रीमंतांना लागेलच असं नाही. मराठी वाचकाचा गोंधळ होतो तो इथेच. तीन ट्रक आणि एक मोटरबोट बाळगणारा प्लंबिंगचा ठेकेदार तिथे सामान्य माणूस ठरतो आणि भाड्याच्या घरात राहून कंत्राटावर शिकवणारी प्राध्यापिका एलीट ठरते. आपल्या ‘उच्चभ्रू’च्या जवळचा हा अर्थ आहे. १८९०च्या दशकात कर्जबाजारी शेतकरी बँका आणि रेल्वेमालकांविरुद्ध उठले, तेव्हा भांडण सरळ पैशाचं होतं. ते पदवीवर आणि राहणीवर कसं आलं, हे १९६९ ते १९७४ या काळात दिसतं.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या एका उमेदवाराने प्रतिस्पर्ध्याला ‘लिमोझिन लिबरल’ म्हटलं. म्हणजे गरिबांचा कैवार घेणारा, पण त्याचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून करणारा. प्रतिस्पर्धी जिंकला, शब्द मात्र टिकला. व्हिएतनामच्या लष्करभरतीत कॉलेजच्या मुलांना सवलत होती, कामगारांची मुलं लढायला जात होती. ४ मे १९७० ला ओहायोत युद्धविरोधी निदर्शनांवर झालेल्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले, म्हणून त्याच महापौरांनी सिटी हॉलचा झेंडा अर्ध्यावर उतरवला. ८ मेला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावरचे मजूर हेल्मेट घालूनच रस्त्यावर आले. त्यांनी निदर्शक विद्यार्थ्यांना झोडपलं आणि झेंडा पुन्हा वर चढवायला लावला.

पण खरी जखम बोस्टनची. २१ जून १९७४ ला तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला, की शहराच्या शाळा समितीने काळी-गोरी मुलं जाणूनबुजून वेगळी ठेवली आहेत. ते खरंच होतं आणि काळ्या पालकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला होता. उपाय ठरला बसचा. रॉक्सबरीची काळी मुलं साऊथ बोस्टनच्या शाळेत जाणार, तिथली गोरी मुलं रॉक्सबरीत. दोन्ही वस्त्या गरीब. न्यायाधीश स्वतः राहत होते वेलस्ली या सधन उपनगरात, आणि आदेश तिथवर पोचत नव्हता. महिन्याभराने सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉईटच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी उपनगरांना अशा योजनांतून जवळपास मोकळं केलं. माझ्या मते सगळ्यात महागात पडला तो हा निकाल. ज्याला उपनगरात घर परवडत होतं, त्याच्या मुलांना बस नव्हती.

१२ सप्टेंबरला शाळा उघडल्या. साऊथ बोस्टनहून परतणाऱ्या बसवर दगड पडले, काचा फुटून आतल्या काळ्या मुलांना लागल्या. त्या जमावाच्या वंशद्वेषाला कसलीही सबब चालणार नाही. पण तिथल्या आयांनी विचारलेला ‘तुमची मुलं कुठे शिकतात?’ हा प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही आणि पुढे प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी तो वापरून घेतला.

नंतर कारखाने गेले. १९९४ मध्ये मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला, २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. २००० साली कारखान्यांत १ कोटी ७० लाखांवर लोक कामाला होते, २०१० पर्यंत त्यातले ५० लाखांहून जास्त कमी झाले. दोन्ही पक्षांच्या पदवीधर नेत्यांनी हे करार उचलून धरले होते. २०१६ मध्ये एका उमेदवाराने विरोधकाच्या निम्म्या समर्थकांना जाहीरपणे तुच्छ ठरवलं. निवडून आला तो विरोधक, मॅनहॅटनचा अब्जाधीश, आणि पदवी नसलेल्या गोऱ्या मतदारांना तो एलीट वाटला नाही.

साऊथ बोस्टनमध्ये आज पदवीधरांचे महागडे फ्लॅट आहेत. बसवर दगड पडले तेव्हाच्या आयरिश वंशाच्या गोऱ्या कुटुंबांपैकी अनेकांना तिथलं भाडं परवडत नाही.