ओटी भरण्याआधीची वर्षं

बडोद्यातल्या मराठी घरांत बाळंतपणाचे लाड ठरलेले आहेत. चोरओटी, सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण, मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी. हे सगळं दिवस राहिल्यावर सुरू होतं आणि सव्वा महिन्याला संपतं. दिवस राहण्याआधी बाईच्या अंगात रक्त किती, हे कोणी विचारत नाही. सरकारी योजनांनीही बरीच वर्षं गरोदरपणापासूनच मोजायला सुरुवात केली.

त्याआधीच्या वर्षांना बडोद्यात पहिल्यांदा हात घातला तो कायद्यानं. सयाजीराव महाराजांच्या १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात मुलीचं वय किमान १२ आणि मुलाचं १६ ठरलं. बारा हा आकडा आज ऐकवत नाही. पण ब्रिटिश हद्दीत सारडा कायदा येऊन मुलीचं वय १४ व्हायला १९२९ उजाडलं, आणि १८ व्हायला १९७८.

औषधाची गोष्ट मुंबईतली. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणीकामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला आली. यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात, हे तिला दिसलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे आज आपण ज्याला फॉलिक अॅसिड म्हणतो ते. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनमधून एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. मेंदू-मज्जारज्जूचं व्यंग असलेलं मूल आधी झालेल्या बायकांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती नळी, गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचं बाईच्या नीट ध्यानातही आलेलं नसतं. गरोदर म्हणून नाव नोंदवल्यावर मिळणारी गोळी या कामाला उशिराच पोहोचते. माझ्या मते या सगळ्या इतिहासात घराघरांत सांगायला हवी ती हीच गोष्ट.

रक्तक्षयासाठी देशव्यापी कार्यक्रम १९७० मध्ये आला, तोही मुख्यतः गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी. शाळकरी मुली राहून गेल्या. त्यांच्यासाठी पुढे बडोदा जिल्ह्यातल्या शाळांत आठवड्याला एक लोह-फॉलिक अॅसिडची गोळी सुरू झाली, आणि तपासणीत रक्तक्षय सुमारे ७५ टक्क्यांवरून ५३ वर आलेला दिसला. देशभर अशी साप्ताहिक गोळी २०१३ मध्ये आली. २०१८ पासून कागदावर २० ते ४९ वयाच्या सगळ्याच बायकांना ती आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत गुजरातेतल्या ६५ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला.

शाळा सुटलेली, नुकतं लग्न झालेली मुलगी यात सगळ्यात सहज निसटते. सासरी पहिल्या महिन्यापासून गोड बातमी विचारतात, गोळीचं कोणी विचारत नाही.

पाठच्या मुलाचंही तसंच. बाळंतपणात आणि अंगावर पाजताना शरीरातलं जे खर्ची पडतं, ते भरून यायला वेळ लागतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षं जाऊ द्या म्हणते, आणि आपल्याकडे बाळंतिणीला लोहाची गोळी १८० दिवस घ्यायला सांगतात.