स्क्रिप्टमधून सी ऑप्टिमायझेशन लायब्ररी कॉल करणं

पायथन, लुआ, पर्ल अशा स्क्रिप्टिंग भाषेत प्रोग्राम लिहायचा आणि अवजड गणित मात्र सी मध्ये आधीच कंपाइल करून ठेवलेल्या लायब्ररीकडून, म्हणजे तयार फंक्शनच्या संचाकडून, करून घ्यायचं, ती ही पद्धत. ऑप्टिमायझेशन म्हणजे सगळ्या अटी पाळून सगळ्यात स्वस्त किंवा सगळ्यात फायद्याचं उत्तर शोधणं. त्यात आतले लूप लाखो वेळा फिरतात आणि तिथे पायथन फार हळू पडतं, पण डेटा वाचणं, एक्सेल उघडणं, रिपोर्ट छापणं ही कामं सी मध्ये करायची म्हणजे दिवस जातो, म्हणून दोघांना जोडायचं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, या लायब्रऱ्या वर्षानुवर्षं वापरून घासून निघालेल्या असतात, सिंप्लेक्स, म्हणजे लिनियर (सरळ रेषेच्या) अटींमधून सर्वोत्तम उत्तर शोधायची पद्धत, गणितज्ञ डँट्झिगने 1947 मध्ये मांडली, ती घरी बसून नव्याने लिहिली तर उत्तर येईलही पण आकड्यांच्या बारीक चुका कुठे लपल्यात ते कळणार नाही.

नाशिकचंच उदाहरण घेऊ. सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे द्राक्षबागेच्या मांडवाची ऑर्डर आली समजा, 2600 मिमीचे 20 खांब आणि 1700 मिमीचे 40 हात, आणि अँगल येतो 6 मीटरचा. कमीत कमी किती अँगल लागतील? याला कटिंग स्टॉक म्हणतात, गिलमोर आणि गोमोरी यांनी 1961 मध्ये यावर नाव घेण्यासारखं काम केलं. कागदावर एक खांब आणि दोन हात बरोब्बर 6000 मिमी होतात, म्हणजे 20 अँगल, शून्य भंगार. पण ब्लेड प्रत्येक कापाला 2-3 मिमी खातं, त्यामुळे तो जुळव बसतच नाही! मग उरतात तीन पॅटर्न, दोन खांब, एक खांब एक हात, किंवा तीन हात. आता उत्तर 20 वरून थेट 24 वर जातं. ब्लेडची जाडी मॉडेलमध्ये, म्हणजे प्रश्नाच्या गणिती मांडणीत, टाकायची राहिली तर जगातली कुठलीही लायब्ररी वाचवणार नाही.

हे सोडवायला जीएलपीके चालते, ग्नू प्रकल्पातली, आंद्रे माखोरिन यांनी लिहिलेली, शुद्ध सी मधली लायब्ररी. वळणदार, म्हणजे नॉन-लिनियर फंक्शन असेल तर एमआयटीच्या स्टीव्हन जॉन्सन यांची एनएलऑप्ट. जोडायचे रस्ते बरेच आहेत, पायथनमध्ये 2006 च्या 2.5 आवृत्तीपासून सी ची फंक्शन बोलवणारं सीटाइप्स मॉड्यूल आतच येतं, सीएफएफआय हे पॅकेज सी ची डिक्लेरेशन (फंक्शन काय घेतं, काय देतं त्या ओळी) जशीच्या तशी वाचतं, आणि डेव्हिड बीझली यांनी 1995-96 च्या सुमारास आणलेलं स्विग हे साधन हेडर फाइलवरून, म्हणजे अशा डिक्लेरेशनच्या फाइलवरून, अनेक भाषांसाठी जोडकाम तयार करून देतं. लुआवाल्यांना लुआजिटचं एफएफआय आहे, पर्लला एक्सएस, कामं तीच.

सीटाइप्समध्ये लायब्ररी लोड करणं एका ओळीचं काम, खरी मारामारी त्यानंतर, कारण पायथन आणि सी च्या सीमेवर कोणी तपासणी करत नाही. कंपाइल झालेल्या फाइलमध्ये फंक्शनचं नाव असतं, पण ते कुठल्या टाइपचे आर्ग्युमेंट घेतं हे पायथनला कळायचा मार्ग नसतो, ते आपणच सांगायचं. नाही सांगितलं तर रिटर्न टाइप इंट (साधा पूर्णांक) धरला जातो, आणि फंक्शन जर पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देत असेल, जीएलपीकेचं प्रॉब्लेम तयार करणारं फंक्शन तेच देतं, तर 64 बिटचा पत्ता अर्धा कापला जातो आणि पुढच्या कॉलला प्रोग्राम कोसळतो, कधीकधी कोसळत पण नाही आणि ते जास्त वाईट. तसंच फंक्शनला डबल (दशांश आकडा) हवा असताना साधा पूर्णांक 6000 दिला तर, 64 बिटच्या इंटेल मशीनवर पूर्णांक प्रोसेसरमधल्या एका प्रकारच्या रजिस्टरमधून जातो आणि डबल दुसऱ्या, सी बिचारं दुसऱ्यात जो काही कचरा असेल तो वाचतं. एरर येत नाही. म्हणून माझं ठाम मत, प्रत्येक फंक्शनचे आर्ग्युमेंट आणि रिटर्न टाइप आधी लिहायचे, मगच पहिला कॉल करायचा.

ॲरेचंही, म्हणजे आकड्यांच्या रांगेचंही, तसंच. पायथनच्या नमपाय लायब्ररीच्या टेबलमधून एक कॉलम कापून घेतला तर मेमरीत ते आकडे सलग नसतात, सी मात्र सलग समजून वाचतं, तर आधी सलग कॉपी करून घ्यायची. आणि जीएलपीके मोजणी 1 पासून करते, आपल्या उदाहरणात मॅट्रिक्समध्ये (कुठल्या पॅटर्नमधून किती खांब आणि हात निघतात तो तक्ता) शून्य नसलेले आकडे चार, तरी ॲरे पाच घरांची द्यावी लागते, शून्याचं घर रिकामं. चुकीचा इंडेक्स दिलात तर लायब्ररी मेसेज छापून अख्खी प्रोसेसच बंद करते, चुका पकडणारं पायथनचं ट्राय-एक्सेप्ट तिथे काहीच पकडत नाही.

एनएलऑप्टमध्ये उलटा प्रवास पण असतो, लायब्ररी आपल्या पायथन फंक्शनला पुन्हा पुन्हा हाक मारते. त्यासाठी दिलेलं कॉलबॅक ऑब्जेक्ट कुठेतरी व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचं, नाहीतर पायथन कचरा समजून उचलून नेतं आणि सी रिकाम्या जागेला हाक मारतं. शिवाय सीटाइप्सच्या कॉलबॅकमध्ये एक्सेप्शन (पायथनची एरर) आलं तर ते स्क्रीनवर छापलं जातं पण वर पोचत नाही, आणि सी ला खरा खर्च न मिळता भलताच आकडा मिळतो. तो शून्य असला तर सर्वात कमी खर्च सापडला म्हणून लायब्ररी खूश! एक्सेप्शन आतच पकडून शोध थांबवायचं फंक्शन बोलवावं, एनएलऑप्टमध्ये ते आहे.

आता उत्तर वाचणं. जीएलपीकेच्या सिंप्लेक्सने 0 परत दिला म्हणजे शोध नीट पार पडला एवढंच, उत्तर सापडलं असं नाही, स्टेटस वेगळं विचारायचं, 5 असेल तर ऑप्टिमल, 4 म्हणजे अटी पाळणारं उत्तरच नाही. आपल्या मांडवाच्या हिशोबात नुसतं सिंप्लेक्स 23.33 अँगल सांगतं, पूर्णांकाचं फंक्शन चालवल्यावर 24 येतात, पण दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या कप्प्यात राहतात. पूर्णांकाचं चालवूनही जुन्याच फंक्शनने किंमत वाचली तर 23.33 च दिसणार.

तयार जोडणी असेल तर तीच घ्यावी, हे मी कोणालाही आधी सांगेन. एनएलऑप्टचं स्वतःचं पायथन पॅकेज आहे, आणि पायथनच्या सायपाय या गणिती पॅकेजचं लिनियर प्रोग्रामिंग 1.9 आवृत्तीपासून वेगळं न सांगता आतून हाइज ही सी++ लायब्ररी वापरतं. स्वतः जोडायची वेळ येते ती लायब्ररीतलं एखादं फंक्शन तयार पॅकेजने उघडंच केलेलं नसतं तेव्हा.

आणि त्या 24 अँगलचं वाटप असं, 10 मधून दोन-दोन खांब, 13 मधून तीन-तीन हात, शेवटच्यातून एकच हात. त्यातला उरलेला साधारण 4.3 मीटरचा तुकडा भंगारात टाकायचा नाही, पुढच्या ऑर्डरच्या मॉडेलमध्ये वेगळ्या लांबीचा माल म्हणून तो भरायचा.