उच्च रक्तदाबाची गोळी : ग्रामीण विदर्भातील वापर

शांत बसल्यावर, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त भरणारा रक्तदाब म्हणजे उच्च रक्तदाब. विदर्भातील खेड्यांत त्याला नुसते ‘बीपी’ म्हणतात आणि त्याचा परिणाम, म्हणजे पक्षाघात, ‘लकवा’ या नावाने घरोघरी ठाऊक असतो. ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत केलेल्या अभ्यासात सुमारे दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताने झालेला आढळला. बीपी हा शहरातल्या बैठ्या माणसांचा आजार, ही समजूत त्यापुढे टिकत नाही.

२०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत भंडारा आणि वर्धा होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी औषधे ही त्यांतली नेहमीची नावे.

औषधाच्या दुष्परिणामांपेक्षा मोठा धोका आहे तो गोळी मध्येच सोडण्याचा. “आता काही होत नाही न, मंग कायले गोळी घ्याची?” हा प्रश्न आशाताईंना रोजचाच. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून ‘बरं वाटणं’ हे त्याचे माप होऊ शकत नाही. शिवाय अ‍ॅम्लोडिपिनचा अंमल हळूहळू उतरतो. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस ठीक जातात आणि माणसाला वाटते, गरजच नव्हती. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल अचानक थांबवले तर मात्र छातीत धडधड, कळ, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. पेरणीत आणि कापूस वेचणीत मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे अनेकांना परवडत नाही आणि खंड पडतो तो तिथेच. हा दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. हंगाम लागण्याआधी किंवा कामासाठी परगावी जाण्याआधी महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात.

दुसरा धोका अंगदुखीच्या गोळीचा. दिवसभर वाकून कापूस वेचल्यावर किंवा सोयाबीन सोंगल्यावर डायक्लोफिनॅकची गोळी घेऊन झोपणे सर्रास चालते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे रक्तदाब वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना ती घेतली, तर मूत्रपिंडावर तिहेरी भार पडतो. दुखणे फारच असेल, तर डॉक्टरांना विचारून योग्य मात्रेत पॅरासिटामॉल त्यापेक्षा सुरक्षित. बाजारातल्या सांधेदुखीच्या खुल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्यानेही बीपी चढतो.

तिसरा धोका वैदर्भीय उन्हाळ्याचा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घामाने पाणी आणि मीठ गेलेले, त्यात लघवी वाढवणारे औषध. अशा वेळी उठताना घेरी येते, कधी माणूस कोसळतो. उलट्या-जुलाब किंवा उन्हाचा त्रास झाल्यास मात्रेबद्दल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात विचारावे. मनाने गोळी अर्धी करू नये. टिनाच्या घरात गोळ्या छपराजवळच्या फळीवर न ठेवता सावलीतल्या कोरड्या जागी ठेवाव्यात. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा लगेच शोषते, म्हणून ती घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढावी. आठवड्याभराच्या गोळ्या काढून डबीत भरण्याची सवय या औषधापुरती मोडलेली बरी.

सरकारी दवाखान्यातली गोळी आणि ‘मेडिकल’मधून आणलेली गोळी रंगाने, नावाने वेगळी असली तरी आत औषध एकच असू शकते. दोन्ही घेऊन दुप्पट मात्रा पोटात जाते. म्हणून दर भेटीला चालू असलेली सगळी पाकिटे सोबत न्यावीत. एक वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. एकादशी, नवरात्रातही गोळी पाण्याबरोबर चालू ठेवावी. सैंधव हेही मीठच. उपवासाला ते चालते म्हणून बीपीला चालते असे नाही. पायावर सूज (अ‍ॅम्लोडिपिन) किंवा सततचा कोरडा खोकला (एनालाप्रिल) आल्यास औषध बदलता येते, सहन करत बसायची गरज नाही. एनालाप्रिल आणि टेल्मिसार्टन गर्भाला घातक असल्याने मूल हवे असलेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईने आधीच सांगावे. तिच्यासाठी लॅबेटालॉल, मिथाइलडोपासारखी औषधे असतात.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण), चहा टाळून पाच मिनिटे पाठ टेकून बसावे. दवाखान्यापर्यंत उन्हात चालत आल्या आल्या घेतलेला आकडा खरा नसतो, आणि त्यावरून मात्रा वाढवली तर नुकसान होते.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे ही लकव्याची लक्षणे. अशा वेळी जिभेखाली बीपीची गोळी ठेवणे धोक्याचे आहे, कारण दाब एकदम उतरला तर मेंदूला रक्त कमी पडते. तोंडाने काहीही न देता १०८ ला फोन करावा आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते सांगावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो.