पार्श्वभूमी : प्रवासी चुकीच्या विमानात चढतो तेव्हा

३० जानेवारी २०२३ रोजी दिल्लीहून पाटण्याला निघालेला एक प्रवासी उदयपूरला उतरला. दोन्ही विमाने एकाच कंपनीची होती. उतरल्यावर त्यानेच तक्रार केली तेव्हा प्रकार उघडकीस आला. कंपनीने त्याला त्याच दिवशी दिल्लीला परत आणले आणि दुसऱ्या दिवशी पाटण्याला पोचवले. नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने चौकशी लावली, ती दोन गोष्टींची : बोर्डिंग पास नीट स्कॅन का झाला नाही, आणि विमानात चढण्याआधी पास दोन ठिकाणी तपासायचा नियम असताना दोन्हीकडून माणूस सुटला कसा. जानेवारी २०१८ मध्येही इंदूरचे तिकीट असलेला एक प्रवासी दिल्लीहून थेट नागपूरला गेला होता.

अशा वेळी पहिले बोट प्रवाशाकडे जाते. पाटी वाचली नाही, घोषणा ऐकली नाही. असेलही तसे. पण प्रवासी पाटी वाचणार नाही हे धरूनच ही सगळी व्यवस्था बांधलेली आहे. त्यामुळे पाहायचे ते तपासणीकडे.

संगणकापूर्वीची पद्धत आज बाळबोध वाटते. प्रत्येक उड्डाणासाठी आसनांचा छापील तक्ता असे आणि त्यावर प्रत्येक आसनाचा सुटा स्टिकर. काउंटरवर तो काढून कार्डावर डकवायचा. तक्त्यावर उरले ते रिकाम्या आसनांचे. गेटवर कार्डाचा तुकडा फाडून घ्यायचा, शेवटी तुकडे मोजायचे आणि विमानातल्या डोक्यांशी ताळा घालायचा. चुका तेव्हाही होत, पण विमाने मोजकीच होती. भारतात सरकारी कंपन्यांची मक्तेदारी कायद्याने १९९४ मध्ये संपली आणि २००३ पासून स्वस्त दरांच्या कंपन्या आल्या. पुढे एकाच कंपनीची चार-पाच विमाने अर्ध्या तासाच्या आत शेजारशेजारच्या गेटवरून सुटू लागली. सगळ्यांचे रंग, गणवेश आणि पास सारखेच.

आजच्या पासावरचा बारकोड २००५ मध्ये ठरलेल्या जागतिक मानकाप्रमाणे असतो. त्यात सक्तीची ६० अक्षरे आहेत. नावासाठी २० जागा, मग आरक्षणाचा क्रमांक, निघण्याच्या आणि पोचण्याच्या विमानतळाची तीन-तीन अक्षरे, कंपनी, उड्डाण क्रमांक, तारीख, वर्ग, आसन आणि चेक-इनचा अनुक्रमांक, ज्याला गेटवर सगळे सिक्वेन्स नंबर म्हणतात. तारीख वर्षातला कितवा दिवस अशी लिहिलेली असते. ३० जानेवारी म्हणजे ०३०. या ६० अक्षरांत वर्ष नसते. गेट क्रमांकही नसतो. तो फक्त कागदावर छापलेला असतो, आणि पास छापल्यानंतर गेट बदलले तर कागदावरचा आकडा तसाच राहतो.

गेटवरचा स्कॅनर ही अक्षरे वाचून कंपनीच्या प्रस्थान प्रणालीला, म्हणजे कोण चेक-इन झाले आणि कोण चढले याची नोंद ठेवणाऱ्या संगणकाला, विचारतो : हे उड्डाण हेच का, तारीख आजची का, हा प्रवासी आधीच चढलाय का, आसन तेच का? सगळे जुळले तर हिरवा दिवा, नाहीतर लाल दिवा आणि आवाज. पण लाल दिवा चुकीच्या विमानासाठीच लागतो असे नाही. आसन बदलले, कागदपत्रांची पडताळणी राहिली, आपत्कालीन दरवाज्याशेजारची रांग मिळाली, तरी तोच दिवा आणि तोच आवाज. यातली बहुतेक कारणे निरुपद्रवी असतात, म्हणून गर्दीत कर्मचाऱ्याचा हात आपोआप पुढच्या बटणावर जातो. शिवाय आवाज होईपर्यंत प्रवासी दोन पावले पुढे गेलेला असतो आणि मागचा आपला पास पुढे करत असतो. यंत्रणा बंद पडली तर एवढेही उरत नाही. १९ जुलै २०२४ च्या जागतिक संगणकीय बिघाडात भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले पास दिले गेले. अशा दिवशी छापील यादीवर एकेक सिक्वेन्स नंबर खोडत जाणे, एवढाच आधार असतो.

इथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. बातम्यांत त्या एकत्र होतात. पहिली गेटवरची. माणूस चुकीच्या गेटवर आला आणि स्कॅनरने त्याला अडवले नाही. दुसरी गेटनंतरची. पास बरोबर गेटवर स्कॅन झाला, हिरवा दिवा लागला, आणि माणूस पुढे भलत्याच बसमध्ये बसला किंवा शिडी चुकला. दूरच्या पार्किंगवरच्या विमानांना हा धोका जास्त. १८० आसनांच्या विमानाला दोन-तीन बसफेऱ्या लागतात. गेटाच्या एकाच दारातून दोन उड्डाणांचे प्रवासी उतरत असतील आणि बसवर पाटी नसेल, तर ड्रायव्हरला विचारण्यावाचून मार्ग नसतो.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण प्रणालीत तो प्रवासी बरोबर विमानात ‘चढलेला’ असतो. तिथे तो नाही, पण त्याची बॅग आहे.

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटाने कोसळले आणि ३२९ जण मारले गेले. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती, पण तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर प्रवासी आणि बॅग यांची जोडी जुळवणे हे जागतिक मानक झाले आणि डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर बॉम्बने विमान पाडले गेल्यानंतर त्याची अंमलबजावणी कडक झाली. (योगायोग असा की, त्याच १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला जाणारा एक विद्यार्थी लॉस एंजेलिसला न्यूझीलंडच्या ऑकलंडच्या विमानात चढला होता. त्याच्यावर जगभर विनोद झाले.)

म्हणून आज एका माणसाच्या चुकीने दोन विमाने अडकू शकतात. ज्यात तो चुकून बसला तिथे मोजणीत एक डोके जास्त भरते, ज्यात नाही तिथे एक कमी. कमी भरले तर आधी शौचालये पाहायची, मांडीवरची बाळे पुन्हा मोजायची, मग नाव पुकारायचे. तरी ताळा जमला नाही तर बॅग उतरवायची. टॅगवरचा दहा अंकी क्रमांक भरणीच्या नोंदीशी जुळवून ती शोधतात. बॅग कंटेनरमध्ये असेल तर निदान कंटेनर कळतो. सुट्या रचलेल्या असतील तर थरामागून थर बाहेर काढावा लागतो आणि अर्धा तास सहज जातो. नंतर वजनाचा तक्ता दुरुस्त करायचा. आणि चुकून एक आला, एक गेला असे झाले की आकडा बरोबर येतो आणि कोणालाच काही कळत नाही.

दार बंद झाल्यावर किंवा धावपट्टीकडे जाताना असा प्रवासी सापडला तर विमान परत बे-वर (उभे करण्याच्या जागेवर) आणायचे, यावर वाद नाही. वाद उड्डाणानंतरचा आहे, आणि तो पेटला २६ डिसेंबर २०१७ रोजी. लॉस एंजेलिसहून टोकियोला निघालेले एका जपानी कंपनीचे विमान प्रशांत महासागरावर सुमारे चार तास उडाल्यावर मागे फिरले आणि आठ तासांनी जिथून निघाले तिथेच उतरले. कारण एक प्रवासी. त्याचे तिकीट दुसऱ्या कंपनीचे होते. गंमत म्हणजे तेही टोकियोचेच.

परतण्याच्या बाजूने मुद्दे आहेत. प्रवाशांची यादी पलीकडच्या देशाच्या इमिग्रेशनला आधीच गेलेली असते. यादीत नसलेला माणूस घेऊन उतरणे म्हणजे तिथल्या नियमांना छेद देणे. त्याच्याशी कंपनीचा करार नाही, म्हणजे काही झाले तर दायित्व कोणत्या तिकिटावर, हा प्रश्न. आणि कॉकपिटमध्ये बसून चूक की हेतू, हे ठरवता येत नाही. अंतिम निर्णय वैमानिकाचा असतो आणि इथेही तो त्यानेच घेतला.

विरोधातले मुद्दे मात्र जास्त वजनदार वाटतात. त्या प्रवाशाची सुरक्षा तपासणी इतरांसारखीच झाली होती. त्याची ओळख जमिनीवरून पडताळता आली असती. तो जिथे जायचा तिथेच विमान चालले होते. तसे मोठे विमान ताशी सात टनांच्या आसपास इंधन जाळते, म्हणजे पन्नास टनांहून अधिक इंधन कुठेही न पोचता गेले. वर सगळ्या प्रवाशांचा दिवस आणि विमानाच्या पुढच्या फेऱ्या. यादी दुरुस्त करून टोकियोला पोलिसांच्या स्वाधीन करणे अशक्य नव्हते. कंपनीने नंतर माफी मागितली. नियमांनी मात्र ‘किती तासांनंतर परतू नये’ हे आजही सांगितलेले नाही. देशांतर्गत उड्डाणात सीमेचा प्रश्न नसल्याने विमान सहसा पुढेच जाते.

भारतात गेट आणि दरवाजा यांच्यामधली दुसरी तपासणी शिडीपाशी होते. तिथे कंपनीचा सुरक्षा कर्मचारी पास पाहतो. पूर्वी तो हँडबॅगच्या टॅगवरचा शिक्काही पाही. एप्रिल २०१७ पासून दिल्ली, मुंबईसह सात विमानतळांवर टॅगवरचा शिक्का बंद झाला. शिक्क्याचा उड्डाणाशी काही संबंध नव्हता, तो फक्त सुरक्षा तपासणीचा पुरावा होता; पण तो शोधण्याच्या निमित्ताने कोणीतरी थांबवत असे आणि नजर पासावरही पडत असे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला चेहरा ओळखणारी प्रवेशपद्धत सुरू झाली, मग पुणे आणि मुंबईतही आली. ती टर्मिनलच्या दारापासून गेटपर्यंत झकास चालते. पण दुसऱ्या प्रकारची चूक होते ती गेटच्या पलीकडे, आणि तिथे अजून माणसाची नजर आणि घाई.

घोषणांचाही वाटा आहे. अनेक टर्मिनल्सनी गोंगाट कमी करण्यासाठी ध्वनिक्षेपकावरच्या सूचना बंद केल्या. गेट बदलल्याची खबर पडद्यावर आणि मोबाइलवरच येते. २०१७ मध्ये न्यूअर्कहून पॅरिसला निघालेली, फक्त फ्रेंच येणारी एक प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोला पोचली, ती गेट बदलल्याचे न समजल्यामुळेच.

भरपाईचे काय? युरोपच्या २००४ च्या नियमाच्या शीर्षकात बोर्डिंग नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि विलंब, एवढेच आहे. आपल्याकडच्या नियमाच्या शीर्षकातही तीच तीन नावे. चुकीच्या विमानासाठी वेगळे कलम नाही. कंपनी पुढचे तिकीट देते ते तपासणीची चूक तिचीही असते म्हणून, पण ते लेखी मागून घ्यावे लागते. पासाचा तुकडा फेकू नये, कारण त्यावरचा सिक्वेन्स नंबरच तुम्ही कोणत्या गेटवर स्कॅन झालात हे शोधायला उपयोगी पडतो. आणि बॅग उतरवली गेली नसेल तर ती आपल्या ठरलेल्या शहरात पोचलेली असते : जिथे चुकून उतरलात तिथल्याच सामान काउंटरवर टॅगचा दहा अंकी क्रमांक देऊन नोंद करावी, म्हणजे ती पट्ट्यावरून उचलून राखून ठेवता येते.