महागाईवरील मतनोंद

इंधन, स्वयंपाकाचा गॅस, धान्य, भाजीपाला, वीज आणि त्यांवरचे कर अशा घरखर्चाच्या प्रश्नांवर एखाद्या आमदाराने वा खासदाराने सभागृहात कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद. तिच्या जोडीला त्याने विचारलेले प्रश्न, केलेली भाषणे आणि सभागृहाबाहेरची विधानेही पाहिली जातात. अमेरिकेत निवडणूक आली की उमेदवाराने आधी कोणत्या विधेयकावर काय मत दिले याची यादी प्रचारात हमखास निघते. भारतात तशी यादी करायला बसले तर कागद बराचसा कोरा राहतो. भाषणांचे खंडच्या खंड भरलेले आहेत, पण मते नावानिशी मोजली गेल्याचे प्रसंग विरळा. आणि जी मोजली गेली त्यांतली बहुतेक त्या व्यक्तीची नसून पक्षाची असतात.

आवाजी मतदान व मतविभागणी : संविधानाच्या अनुच्छेद १०० नुसार सभागृहाचे निर्णय उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतात. हे बहुमत रोजच्या कामकाजात कानाने ठरते. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, एका बाजूने ‘होय’ आणि दुसऱ्या बाजूने ‘नाही’ असा गलका होतो आणि ‘होयचे बहुमत’ असे जाहीर होऊन पुढचे कलम येते. कोणाचे नाव कुठेच उमटत नाही. या निर्णयाला एखाद्या सदस्याने हरकत घेऊन मतविभागणी मागितली तरच मोजणी होते.

लोकसभेत मग साडेतीन मिनिटे घंटा वाजते, बाहेर असलेले सदस्य धावतपळत आत येतात आणि दरवाजे बंद होतात. प्रत्येकाच्या बाकावर त्याच्या क्रमांकाची बटणे असतात : हिरवे होय, तांबडे नाही, पिवळे तटस्थ. घाईत चुकीचे बटण दाबले जाते, कधी यंत्र नोंदच घेत नाही. अशांना कागदी चिठ्ठीवर मत देता येते. म्हणून फलकावर झळकणारा आकडा ‘दुरुस्तीच्या अधीन’ असतो आणि छापील कार्यवृत्तातला आकडा वेगळा निघू शकतो. महाराष्ट्र विधानसभेत याच प्रकाराला ‘पोल’ म्हणतात. तिथे सदस्य एकेक करून उभे राहतात आणि शिरगणती होते. ३ जुलै २०२२ रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राहुल नार्वेकर यांना १६४ आणि राजन साळवी यांना १०७ मते पडली, ती अशीच मोजून. सरकार राहते की जाते असा प्रसंग असला की पोल होतो. डाळीच्या भावासाठी सहसा होत नाही.

घरखर्चावर थेट परिणाम करणारे निर्णय आवाजी मतदानात कसे निघून जातात याचे ठळक उदाहरण २३ मार्च २०२० चे आहे. करोनामुळे अधिवेशन गुंडाळण्याची घाई होती. त्या दिवशी लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना आवाजी मतदानाने संमत केले. त्यातल्या एका सरकारी दुरुस्तीने पेट्रोलवरच्या विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काची कमाल मर्यादा लिटरला १० वरून १८ रुपये आणि डिझेलवरची ४ वरून १२ रुपये झाली. दर लगेच वाढला नाही, वाढवण्याची मुभा मिळाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सरकारने पेट्रोलवरचे एकूण शुल्क लिटरमागे १० आणि डिझेलवरचे १३ रुपयांनी वाढवले. मार्चमध्ये त्या कलमाला कोणी होय म्हटले आणि कोणी नाही, हे आता कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. पुढच्या दोन वर्षांत पेट्रोलच्या भावावर सभागृहात आणि बाहेर अगणित भाषणे झाली, ती मात्र शब्दशः उपलब्ध आहेत.

पक्षादेश : १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षाने काढलेल्या आदेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मत देणारा किंवा मतदानाला गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पक्षाने १५ दिवसांत माफ केले तरच सुटका. त्यामुळे मतनोंदीवरून एखाद्या खासदाराला गॅसच्या भावाविषयी काय वाटते हे कळत नाही, त्याच्या पक्षाने त्या दिवशी काय ठरवले होते एवढेच कळते. याचा उलटा परिणाम भाषणांवर झाला आहे. मत बांधलेले असल्याने सदस्य भाषणात मोकळा सुटतो. सत्ताधारी बाकावरचा सदस्यही मतदारसंघातल्या पाणीपट्टीवर वा वीजबिलावर कडक बोलतो आणि तासाभराने त्याच खात्याच्या मागणीला, म्हणजे त्याने खर्चासाठी मागितलेल्या रकमेला, ‘होय’ म्हणतो. याला सरसकट ढोंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. व्यवस्थेने त्याच्यासाठी तेवढीच जागा ठेवली आहे.

कपात सूचना : खात्यांच्या मागण्यांवर सभागृहाला मत नोंदवायला लावण्याचे विरोधकांचे मुख्य हत्यार म्हणजे कपात सूचना. तिचे तीन प्रकार आहेत. धोरणाला विरोध असेल तर मागणी कमी करून १ रुपया करावी अशी सूचना देतात, काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कापायला सांगतात, आणि एखादे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर १०० रुपयांची प्रतीकात्मक कपात सुचवतात. शंभर रुपयांनी सरकारच्या तिजोरीला काही होत नाही. पण सूचना संमत झाली तर सभागृहाचा विश्वास उडाला असा अर्थ निघतो, म्हणून सरकार तिला जिवावरचे दुखणे मानते.

महागाईच्या बाबतीत गाजलेली कपात सूचना २७ एप्रिल २०१० ची. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कच्च्या तेलावरचे आयात शुल्क पुन्हा लावले होते आणि पेट्रोल-डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे १ रुपयाने वाढवले होते. खतांचे भावही वाढले होते. डावे पक्ष आणि भाजप, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे, दोघांनीही कपात सूचना दिल्या. त्याच दिवशी तेरा पक्षांनी महागाईविरुद्ध देशव्यापी हरताळ पुकारला होता. सरकार अडचणीत येईल अशी हवा होती. प्रत्यक्षात मायावतींच्या बहुजन समाज पक्षाने सरकारच्या बाजूने मत दिले, आणि हरताळात सामील झालेल्या समाजवादी पक्षाने व राष्ट्रीय जनता दलाने ऐन मतदानाच्या वेळी सभात्याग केला. २८९ विरुद्ध २०१ असा निकाल लागून सरकार आरामात तरले.

या मतदानातले सर्वांत बोलके मत शिबू सोरेन यांचे. ते झारखंडचे मुख्यमंत्री होते आणि भाजपच्या पाठिंब्यावर राज्य चालवत होते. मुख्यमंत्र्याला सहा महिन्यांत विधिमंडळाचे सदस्य व्हावे लागते. ती मुदत अजून चालू असल्याने त्यांची खासदारकी शाबूत होती. ते दिल्लीला आले आणि भाजपच्या सूचनेविरुद्ध, म्हणजे काँग्रेस आघाडीच्या बाजूने, मत देऊन गेले. भाजपने लगेच पाठिंबा काढण्याची घोषणा केली. मग महिनाभर वाटाघाटी, घोषणा आणि माघारी चालल्या आणि ३० मे रोजी सोरेन यांनी राजीनामा दिला. राज्यात राष्ट्रपती राजवट आली. इंधनाच्या शुल्कावर मत मोजले गेले आणि रांचीतले सरकार पडले. पेट्रोलचा भाव मात्र त्याने एका पैशानेही हलला नाही. उलट जून २०१० च्या अखेरीस पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि तो विषय सभागृहापासून आणखी लांब गेला.

सभात्याग हा महागाईच्या मतनोंदीतला खास देशी प्रकार मानायला हरकत नाही. विरोधात मत द्यायचे नाही, सरकारच्या बाजूनेही नोंद होऊ द्यायची नाही, आणि उठून जाताना घोषणा तर द्यायच्या. कार्यवृत्तात एक ओळ येते : अमुक पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. मोजणी करणाऱ्याने ही ओळ वगळली तर हिशेब चुकतो, कारण मतांचे अंतर बऱ्याचदा तिथेच ठरलेले असते.

सभागृहाबाहेर ठरणारे भाव : मतनोंद तोकडी असण्याचे याहून मोठे कारण असे की घरखर्चाचे बरेच निर्णय मताला येतच नाहीत. उत्पादन शुल्क अधिसूचनेने बदलते. राज्याचा मूल्यवर्धित कर मंत्रिमंडळ ठरवते. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रात पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी स्वस्त झाले ते मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. वस्तू व सेवा कराचे दर जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. परिषदेत पहिल्यांदा प्रत्यक्ष मतदान झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये, आणि तेही लॉटरीवरच्या करासाठी. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद पीठ-तांदळावर आणि पाकिटातल्या दह्यावर ५ टक्के कर लागला. संसदेत विरोधकांनी गदारोळ केला, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी उत्तर दिले की हा निर्णय विरोधी पक्षांची सरकारे असलेल्या राज्यांसह परिषदेने एकमताने घेतला. तो मताला टाकला गेलाच नव्हता, त्यामुळे कोण कुठे उभा होता हे आकड्यांनी दाखवता येत नाही.

कांद्याचेही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली ती विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने, आणि मे २०२४ मध्ये उठली तीही तशीच. नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही खासदाराला तिच्या बाजूने किंवा विरुद्ध मत द्यावे लागले नाही.

विधाने व प्रतीके : मतांची जागा मग विधाने आणि वस्तू घेतात. १ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत महागाईवर नियम १९३ खाली चर्चा झाली. या नियमाखालच्या चर्चेनंतर मतदान होत नाही, आणि सरकारला तीच सोयीची वाटते; मतदान हवे असेल तर नियम १८४ लागतो, आणि त्यावरूनच अधिवेशनाचे दिवस वाया जातात. काँग्रेसच्या मनीष तिवारी यांनी चर्चेला सुरुवात केली. तृणमूलच्या काकोली घोष दस्तिदार यांनी बोलता बोलता एक कच्चे वांगे काढले आणि त्याचा सरळ चावा घेतला. गॅस परवडत नाही, आता भाज्या कच्च्याच खायच्या का, असा त्यांचा सवाल होता. १४.२ किलोच्या सिलिंडरचा मुंबईतला दर तेव्हा १,०५० रुपयांच्या पुढे गेला होता. चर्चेतले इतर आकडे लोक विसरले, वांगे लक्षात राहिले.

विधान किती तोडून वापरले जाते याचा नमुना ४ डिसेंबर २०१९ चा आहे. बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी कांद्याचे उत्पादन का घटले असे विचारले होते. सीतारामन उत्तर देत असताना मधेच एका सदस्याने, तुम्ही कांदा खाता का, असा टोमणा मारला. त्यावर त्या म्हणाल्या की आपण कांदा-लसूण फारसा खात नाही, आपल्या घरात त्याचे विशेष नाही. पुढे त्यांनी आयातीची आणि साठ्यांची माहिती दिली. व्हॉट्सॲपवर फिरला तो फक्त टोमण्यावरचा टोला, आणि सुळे यांचा मूळ प्रश्न, जो शेतकऱ्याच्या बाजूचा होता, बाजूलाच पडला.

कांद्याबाबतची भूमिका वाचताना प्रांत पाहावा लागतो. दिल्लीत कांद्याची माळ घातलेला सदस्य भाव चढले म्हणून ओरडत असतो. मुंबईत विधानभवनाच्या पायऱ्यांवर फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस विरोधी आमदार कांद्याच्या माळा घालून आणि डोक्यावर टोपल्या घेऊन बसले होते ते भाव पडले म्हणून. त्यानंतर सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले. एकाच पक्षाचा मुंबईतला आणि निफाडचा सदस्य कांद्यावर एकच वाक्य बोलू शकत नाही, म्हणून दोघेही ‘केंद्राचे चुकीचे धोरण’ या सुरक्षित शब्दांवर थांबतात.

मतांपेक्षा कामावरून ओळखल्या गेलेल्या लोकप्रतिनिधींत मृणाल गोरे यांचे नाव महाराष्ट्रात आधी येते. १९७२ मध्ये त्या विधानसभेवर निवडून गेल्या आणि त्याच वर्षी अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी आदींसह महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. दुष्काळाची ती वर्षे होती. रेशनवर तेल, रवा, साखर मिळत नव्हती. बायका थाळ्या वाजवत आणि हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. विधानसभेत संख्याबळ काँग्रेसकडे असल्याने मतविभागणीत हार ठरलेलीच होती. गोरे यांचे वजन दारात उभ्या असलेल्या त्या लाटण्यांमुळे होते. १९७७ मध्ये गोरे आणि रांगणेकर दोघीही लोकसभेत गेल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा मुंबईत तोंडोतोंडी होती. पाण्यासाठी लढणाऱ्या गोरे म्हणजे पानीवाली बाई, आणि हरलेल्या इंदिरा गांधी म्हणजे दिल्लीवाली.

नोंदीची साधने : लोकसभा व राज्यसभेच्या संकेतस्थळांवरील वादवृत्तांत मतविभागणीतली नावे मिळतात. खासदारांची जी ‘प्रगतिपुस्तके’ वर्तमानपत्रांत येतात ती मात्र उपस्थिती, प्रश्नांची संख्या, चर्चेतला सहभाग आणि खासगी विधेयके यांवर बेतलेली असतात. मत हा रकानाच त्यांत नसतो. घरखर्चाच्या दृष्टीने तारांकित (तोंडी उत्तराचे) व अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न जास्त उपयोगी पडतात, कारण ते सदस्य आपल्या नावावर विचारतो आणि तिथे व्हिप चालत नाही. महाराष्ट्रात लक्षवेधी सूचना आणि नियम २९३ खालचे प्रस्ताव याच कामाला येतात.

मत मोकळे करण्याचा प्रयत्न मनीष तिवारी यांनीच २०१० मध्ये खासगी विधेयकाद्वारे केला होता. सदस्याने व्हिप मोडला तरी अपात्रता लागू नये असे त्यांचे म्हणणे होते. अपवाद विश्वासदर्शक व अविश्वास ठराव, स्थगन प्रस्ताव, धनविधेयके आणि आर्थिक बाबी यांचा. विधेयक संमत झाले नाही. झाले असते तरी इंधनाचे शुल्क आणि खात्यांच्या मागण्या त्या अपवादांतच मोडल्या असत्या.