निंबोळी अर्क

निंबोळी अर्क : कडुनिंबाच्या बियांचा पाण्यात उतरवलेला अर्क. पिकांवरील किडी आवरण्यासाठी शेतकरी तो घरच्या घरी तयार करतात. महाराष्ट्रात कापूस, तूर, हरभरा, मिरची, वांगी अशा पिकांवर त्याची फवारणी होते. सेंद्रिय शेतीत तो हमखास असतो. रासायनिक औषधे वापरणारेही अनेकजण हंगामातली पहिली फवारणी याच अर्काची घेतात.

धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत जुनी आहे. पिकावरच्या वापराला शास्त्रीय पाठबळ मिळाले ते १९६२ च्या टोळधाडीत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळांनी तोंड लावले नाही. यामागचा मुख्य घटक, ॲझाडिरॅक्टिन, १९६८ मध्ये वेगळा काढला गेला. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की ती पक्की व्हायला १९८५ उजाडले, आणि प्रयोगशाळेत तो घडवणे केंब्रिजमधील संशोधकांना २००७ मध्ये साधले.

अर्क फवारलेले पान अळीला नकोसे होते. तिने खाल्लेच, तर शरीरातील संप्रेरकांचे काम बिघडून तिला कात टाकता येत नाही. अनेक किडींच्या माद्या अशा पानांवर अंडी घालायचे टाळतात. मात्र कीड फवारल्याबरोबर मरून पडत नाही. दुसऱ्या दिवशी शेतात जिवंत अळ्या दिसतात, आणि ‘अर्काचा काही गुण आला नाही’ म्हणून लगेच जहाल औषध मारले जाते. ही घाई महागात पडते. अर्क अंडी आणि लहान अळ्यांच्या अवस्थेत, तसेच मावा, तुडतुडे, पांढरी माशी नुकती दिसू लागताच फवारावा. मोठ्या झालेल्या घाटेअळीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत तो पोचतच नाही.

अर्काचा गुण बियांवर ठरतो. निंबोळ्या पिकतात जून-जुलैत, ऐन पावसाच्या तोंडावर. ओल्या मातीत पडून राहिलेल्या निंबोळीला बुरशी लागते. म्हणून पिवळ्या पिकलेल्या निंबोळ्या वेळेवर वेचून, पाण्यात चोळून गर काढावा आणि बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात ॲझाडिरॅक्टिन कमी होते. साठवण गोणपाटात, हवेशीर जागी करावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बियांना घाम सुटतो. जुन्या, काळपट बियांचा अर्क रंगाला चांगला दिसतो, पण कामाला कमी येतो.

पाच टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवतात. दुसऱ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा भिजत घालतात. सकाळी निंबोळीचे पाणी ढवळून फडक्यातून गाळायचे, चोथा घट्ट पिळायचा, साबणाचे पाणी मिसळायचे आणि एकूण १०० लिटर द्रावण करायचे. पंधरा लिटरच्या पंपाला, बाकीचे पाणी घालण्याआधीचा, असा दीड लिटर अर्क लागतो. गाळण्यात हयगय झाली की नोझल तुंबते. द्रावण त्याच दिवशी संपवावे, फवारणी दुपार टळल्यावर घ्यावी आणि पानांची खालची बाजूही भिजवावी, कारण रस शोषणाऱ्या बहुतेक किडी तिथेच बसतात. ढालकिडा, क्रायसोपा या किडी खाणाऱ्या मित्रकीटकांना रासायनिक कीटकनाशकांच्या मानाने त्याची झळ कमी बसते.

कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये पेटंट दिले होते. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिले. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्ये झालेल्या वापराचा पुरावा त्या सुनावणीत पुढे आला. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. शेतकऱ्यांच्या ज्ञानाला मिळालेला हा न्याय मोलाचा आहे.

बाजारात ३००, १५०० आणि १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ॲझाडिरॅक्टिनची तयार औषधे मिळतात. प्रत्येकाची मात्रा वेगळी असल्याने बाटलीवरील पीपीएम आणि उत्पादनाची तारीख पाहूनच ती घ्यावीत; सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या शेतकऱ्यांनी ते उत्पादन चालते का, हे प्रमाणीकरण संस्थेकडून आधी विचारून घ्यावे.