'किंवा' की 'आणि': दक्षिण आफ्रिकेतल्या कंपनी-नीतीची पार्श्वभूमी

जोहान्सबर्गच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, पहिल्या काही पानांतच 'किंग' हा शब्द भेटतो. कंपनी-कारभारावरच्या एका समितीचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या माजी न्यायमूर्तींचे हे आडनाव. त्यांच्या समितीने १९९४ पासून कंपन्यांच्या कारभाराची जी संहिता घडवत नेली, तिचे नावच किंग पडले. कारभार नीतीने चालवणे म्हणजे काय, यावर त्या देशात आज जो वाद चालतो, त्यातला निम्मा या संहितेच्या शब्दांवरून चालतो. खरे तर एका शब्दावरून. तिकडे येईनच, पण आधी थोडे मागे जाऊ.

वर्णभेदाच्या राजवटीत उद्योगांचे काय चालले होते, हे सगळे इथे सांगायची गरज नाही. १८८६ साली विटवॉटर्सरँडला सोने सापडले, खाणी उभ्या राहिल्या आणि कामगारांना कुटुंबापासून तोडून बराकींत ठेवण्याची रीत पडली. दगडाच्या धुळीने छातीत घर केलेल्या खाणकामगारांच्या भरपाईचा करार व्हायला २०१८ साल उजाडले आणि न्यायालयाने त्याला मंजुरी दिली २०१९ मध्ये. एवढ्यावरून या इतिहासाची शेपटी किती लांब आहे ते कळावे. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांसाठी आचारतत्त्वे मांडली. जेवणाची खोली एकच असावी, समान कामाला समान पगार असावा, इतक्या प्राथमिक गोष्टी त्यात होत्या. सप्टेंबर १९८५ मध्ये काही गोऱ्या उद्योगपतींनी झांबियात जाऊन बंदी असलेल्या मुक्तिसंघटनेच्या नेत्यांची भेट घेतली. राजकारण्यांच्या आधी धंदेवाल्यांना वारे कळले होते, एवढे त्यावरून म्हणता येते. त्याला नैतिक धाडस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने नोव्हेंबर १९९७ मध्ये उद्योगांसाठी तीन दिवस वेगळी सुनावणी ठेवली. आमचा धंदा राजवटीपासून अलग होता, उलट राजवटीमुळे आमचे नुकसानच झाले, असे अनेक कंपन्यांनी सांगितले. आयोगाने ते मानले नाही. त्याने सहभागाच्या तीन पायऱ्या केल्या. धोरण आखायलाच हातभार लावणारे, म्हणजे मुख्यतः खाणउद्योग, पहिल्या पायरीवर. आपला माल दडपशाहीला वापरला जाणार हे ठाऊक असून तो पुरवणारे दुसऱ्या पायरीवर. आणि त्या समाजरचनेत धंदा करून सर्वसाधारण नफा कमावणारे तिसऱ्या. नुकसानभरपाईसाठी आयोगाने सुचवलेल्या उपायांपैकी एक असा होता, की शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीने आपल्या बाजारमूल्याच्या १ टक्का रक्कम एकदाच द्यावी. २००३ मध्ये सरकारने असा भार टाकायला नकार दिला. नोंद झालेल्या पीडितांना सरकारी तिजोरीतून प्रत्येकी ३० हजार रँड मिळाले आणि विषय मिटला. माझ्या मते पुढची सगळी कथा या नकारातून वाहते. जुना हिशेब सक्तीने चुकता करायचा नाही असे एकदा ठरले, की मग पुढच्या वागण्याचे नियमही स्वेच्छेचेच राहणार.

किंग संहिता तशीच जन्मली, स्वेच्छेची म्हणून. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये कंपनी-कारभारावर एक गाजलेला अहवाल आला होता, त्याच धर्तीवर इथे काम सुरू झाले. पहिली आवृत्ती निघाली नोव्हेंबर १९९४ मध्ये, म्हणजे सर्वांना मत देणाऱ्या पहिल्या निवडणुकीनंतर सात महिन्यांनी. ब्रिटिश अहवालाची नजर हिशेब आणि भागधारक यांच्यावर होती. इथल्या समितीने पहिल्यापासूनच कामगार, ग्राहक आणि आसपासची वस्ती यांनाही कंपनीचे हितसंबंधी मानले. २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'उबुंटू' आला: माणूस माणूस असतो तो इतर माणसांमुळे. 'उमुंटू न्गुमुंटू न्गाबंटू' या झुलू म्हणीतला हा विचार संचालकांच्या बैठकीत कितपत मुरला हा प्रश्न आहेच, पण शेअर बाजाराने मानलेल्या दस्तऐवजात तो लिहिला गेला, हे मला मोठे वाटते.

आता तो शब्द. सुरुवातीच्या आवृत्त्यांचे सूत्र ब्रिटनसारखे होते: पाळा किंवा कारण सांगा. कंपनीने शिफारस पाळावी, पाळत नसेल तर का नाही ते अहवालात लिहावे. अमेरिकेने २००२ मध्ये, मोठमोठे हिशेबी घोटाळे उघड झाल्यावर, उलट वाट धरली. तिथे कायदाच झाला: पाळा, नाहीतर शिक्षा भोगा. दक्षिण आफ्रिकेच्या समितीने ही वाट ठरवून नाकारली. छोट्या कंपनीला आणि महाकाय बँकेला एकच माप लावले तर सगळे फक्त रकाने भरतील, व्यवसायावरचे लक्ष उडेल, असा तिचा युक्तिवाद होता. २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'पाळा'च्या जागी 'अमलात आणा' आले, कारण 'पाळणे' या शब्दाला हुकमाचा वास येतो. हा बदल नेदरलँड्सच्या संहितेवरून सुचलेला. म्हणजे सूत्र झाले: अमलात आणा किंवा कारण सांगा.

झाले उलटेच. तिसऱ्या आवृत्तीत ७५ तत्त्वे होती. नोंदणीकृत कंपन्यांना बाजाराने प्रत्येक तत्त्वाबद्दल खुलासा मागितला, आणि कंपन्यांनी ७५ ओळींचे तक्ते केले. डावीकडे तत्त्व, उजवीकडे 'अमलात आणले'. मधूनच एखादे 'अंशतः'. असे तक्ते मी ओळीने वाचले आहेत. एका कंपनीचा तक्ता आणि दुसरीचा तक्ता यांतली नावे झाकली तर कोणता कुणाचा हे ओळखू येत नाही. जे टाळण्यासाठी सक्ती नाकारली होती, तेच स्वेच्छेच्या वाटेने घरात आले.

म्हणून नोव्हेंबर २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत 'किंवा' काढून 'आणि' घातला: अमलात आणा आणि समजावून सांगा. तत्त्वे ७५ वरून १७ वर आली. त्यातले सतरावे फक्त पेन्शन फंडांसारख्या मोठ्या गुंतवणूकदारांसाठी, बाकीच्यांना सोळाच. तत्त्वे पाळली जातात हे गृहीतच धरायचे, सांगायचे एवढेच की ती कशी पाळली आणि त्यातून काय साधले. साधायच्या गोष्टी चार: नीतीची संस्कृती, चांगली कामगिरी, परिणामकारक नियंत्रण आणि लोकमान्यता.

समर्थक म्हणतात, यामुळे पळवाट बंद झाली. 'आम्ही पाळत नाही, कारण आम्हाला परवडत नाही' हे वाक्य आता लिहिता येत नाही. टीकाकारांचे म्हणणे नेमके विरुद्ध आहे. 'किंवा' होता तेव्हा न पाळणाऱ्याला निदान कबुली द्यावी लागे, आता सगळेच पाळणारे झाले आणि कबुलीची जागाच पुसली गेली. मला दुसरी बाजू जास्त पटते. भागधारकाला सर्वांत उपयोगी माहिती असते ती कंपनी कुठे कमी पडते याची. 'आणि'ने ती सांगण्याची सवय मोडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाचवी आवृत्ती आली. तत्त्वे १३ झाली, खुलाशासाठी ठरावीक आराखडा आला, 'आणि' मात्र तिथेच आहे.

स्वेच्छेची संहिता म्हणजे दात नसलेली, असे सरसकट म्हणणेही खरे नाही. स्टिलफाँटेन इथल्या सोन्याच्या खाणीचे प्रकरण घ्या. खाणीत साचणारे पाणी उपसत राहा, नाहीतर शेजारच्या खाणी बुडतील, असा सरकारचा आदेश होता. खर्च कोण करणार यावरून वाद झाला आणि कंपनीच्या संचालकांनी चक्क राजीनामे दिले. आदेश ऐकायला कंपनीत कुणी उरलेच नाही. २००६ च्या निकालात न्यायालयाने या पळण्यावर कडक ताशेरे ओढले आणि ते ओढताना किंग संहितेचा आधार घेतला. संहिता कायदा नव्हती, पण जबाबदार संचालक कसा वागतो हे मोजायची फूटपट्टी झाली होती.

कायद्याने पाऊल टाकले ते नव्या कंपनी कायद्याने. तो २००८ चा, अमलात आला १ मे २०११ ला. त्याखाली नोंदणीकृत कंपन्या, सरकारी कंपन्या आणि कामगार, उलाढाल, देणी यांवरून मोजल्या जाणाऱ्या सार्वजनिक हिताच्या गुणांकनात ५०० च्या पुढे जाणाऱ्या इतर कंपन्या यांना सामाजिक व नीती समिती नेमणे बंधनकारक झाले. समितीत किमान तीन जण, त्यातला एक तरी रोजच्या व्यवस्थापनाबाहेरचा. भ्रष्टाचार, रोजगारातली समानता, पर्यावरण, ग्राहक, कामगार या सगळ्यांवर तिने लक्ष ठेवायचे आणि वार्षिक सभेत भागधारकांना सांगायचे.

पुढच्याच वर्षी मारिकाना घडले. १६ ऑगस्ट २०१२ ला तिथल्या प्लॅटिनम खाणीच्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, ३४ जण मेले. त्या आठवड्यातले एकूण मृत्यू ४४. खाणीचा हक्क मिळवताना कंपनीने कामगारांसाठी ५,५०० घरे बांधायचे कबूल केले होते. उभी राहिली तीन, तीही नमुना घरे. कामगार आजूबाजूच्या पत्र्याच्या झोपड्यांत राहत होते. चौकशी आयोगाने या न पाळलेल्या वचनाची खनिज खात्याने चौकशी करावी असे सुचवले. घरांचे वचन कंपनीच्या कागदात नीट लिहिलेले होते. कागद आणि जमीन यांतले अंतर मोजायचे असेल, तर ते तिथे मोजावे.

त्यानंतरची काही वर्षे 'स्टेट कॅप्चर'ची, म्हणजे सरकारच खिशात घालण्याची. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरहून १९९३ मध्ये गेलेल्या एका कुटुंबाचे नाव यात मुख्य असल्याने आपल्याकडेही हे प्रकरण वाचले गेले. एका भारतीय सरकारी बँकेने २०१८ मध्ये तिथला गाशा गुंडाळला, तोही याच कुटुंबाची खाती सांभाळल्याच्या वादानंतर. ऑगस्ट २०१८ पासून चाललेल्या चौकशी आयोगाने २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने अहवाल दिले. चर्चा बहुतेक वेळा मंत्र्यांभोवती आणि त्या कुटुंबाभोवती फिरते. मला इथे चर्चेतून सुटणाऱ्या तिसऱ्या घटकाबद्दल बोलायचे आहे. जगभर नाव असलेल्या एका लेखापरीक्षण संस्थेला कर खात्याविषयीच्या आपल्याच अहवालातले निष्कर्ष २०१७ मध्ये मागे घ्यावे लागले आणि तिचे स्थानिक नेतृत्व पायउतार झाले. एका सल्लागार कंपनीने सरकारी वीज कंपनीला सुमारे १ अब्ज रँड परत केले. लंडनची एक जनसंपर्क कंपनी २०१७ मध्येच बुडाली. नीतीचे धडे इतरांना विकणाऱ्या संस्था होत्या या.

आणि ज्या वर्षी चौथी आवृत्ती लागू झाली त्याच वर्षाच्या, म्हणजे २०१७ च्या, डिसेंबरमध्ये, सरकारचा काडीचा संबंध नसलेली, स्टेलेनबॉशहून चालणारी एक फर्निचर कंपनी कोसळली. शेअरचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली आला. पुढच्या तपासात ६.५ अब्ज युरोंचे खोटे किंवा अनियमित व्यवहार निघाले. शिक्षक, परिचारिका, पोलिसांचा पेन्शन फंडही तिच्यात गुंतलेला होता. भ्रष्टाचार म्हणजे सरकारी, खासगी ते स्वच्छ, हा समज तिथल्या मध्यमवर्गात पक्का होता. तो या एका आठवड्यात तुटला.

शिक्षेच्या बाजूने हलले ते थोडेच. मे २०२० मध्ये उच्च न्यायालयाने सरकारी विमान कंपनीच्या माजी अध्यक्षांना आयुष्यभर संचालकपदासाठी अपात्र ठरवले. हा दावा सरकारने लावला नव्हता. तो लावला करदात्यांच्या एका नागरी संघटनेने आणि वैमानिकांच्या संघटनेने, स्वतःच्या खर्चाने. असा दावा पद सोडल्यापासून २४ महिन्यांच्या आत लावावा लागे, आणि मोठ्या घोटाळ्याचे कागद बाहेर यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. २०२४ च्या दुरुस्तीने ही मुदत ६० महिने केली.

त्याच वर्षीच्या आणखी एका दुरुस्तीत कंपनीतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पगार, तसेच वरच्या ५ टक्के आणि खालच्या ५ टक्के लोकांच्या पगारातली दरी जाहीर करण्याचे कलम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीचा बराच भाग लागू केला गेला, हे कलम मात्र मागे ठेवले. मारिकानात खडकात ड्रिल चालवणारे कामगार संपावर बसले होते, त्यांची मागणी महिना १२,५०० रँडची होती.